विगाराची बदली: गाव कळायला लागला की निघायची वेळ

वसईची म्हापशात
गेल्या महिन्यात आमच्या विगाराची बदली झाली. (बाहेरच्यांसाठी: विगार म्हणजे पॅरिशचा, एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजाचा, मुख्य पाद्री.) निरोपाला त्यांनी नव्या फादरच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला. तीसेक किल्ल्या, त्यातल्या दोन कशाच्या हे त्यांनाही सांगता येईना. सहा वर्षं माणूस इथे राबला. पहिली दोन कोण कुणाशी बोलत नाही हे समजण्यात गेली, पुढची दोन हॉलच्या छपरात. तरुण पोरं सभेत कुठे तोंड उघडायला लागली, तर ऑर्डर आलीच. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवतात. भांडणारी फेस्ताची (चर्चच्या सणाची) कमिटी सांभाळायला गावच शिकवतं. असा तयार झालेला माणूस सोडायचा कशाला? चर्चच्या कायद्याचं कलम 522 सुद्धा म्हणतं की पॅरिश पाद्र्याला स्थैर्य हवं, नेमणूक बेमुदत असावी. मुदत घालायची तर आधी बिशपांच्या परिषदेने तशी मुभा द्यायला हवी.

साष्टीकर
ताई, तुमचा विगार चांगला निघाला म्हणून हे सुचतंय. आमच्याकडे एक अकरा वर्षं होता. शेवटी शेवटी पाद्री कमी, भाटकार (जमीनदार) जास्त. फाब्रिकेचा, म्हणजे चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाचा, अध्यक्ष तोच, हिशेबाची वही त्याच्या खणात, माडांचा लिलाव त्याच्या मर्जीने. कलम 536 वाचा: पॅरिश कौन्सिलने फक्त सल्ला द्यायचा. मग बदली सोडून दुसरा लगाम कुठला?

वसईची म्हापशात
537 पण वाचा की बाब. अर्थसमिती प्रत्येक पॅरिशला सक्तीची आहे. वही खणात राहिली, कारण कुणी मागितली नाही.

साष्टीकर
मागितली होती. मीच. पुढच्या रविवारी प्रवचनात नाव न घेता माझा उद्धार झाला, आणि बायको महिनाभर मागच्या बाकावर बसली.

डिचोलीकर
परका माणूस मधे बोलतोय, रागावू नका. आमच्या देवळात उलटं आहे. महाजन, म्हणजे देवस्थानाचे सभासद, पिढीजात, भट बदलतो. भांडण मात्र तेवढंच.

सांकवाळचा
गोव्याचे पाद्री संत जुझे वाझ 1687 साली श्रीलंकेत उतरले ते 1711 मध्ये कँडीतच वारले. डच राजवटीत लपतछपत काम, वर कँडीत कैद. दोन-चार वर्षांनी त्यांना परत बोलावलं असतं तर तिथे काय उरलं असतं?

साष्टीकर
सगळे विगार जुझे वाझ नसतात, बाबा. आणि त्यांनीही सगळं एकट्याच्या मुठीत ठेवलं नाही. गोव्याहून साथीदार आले, म्हणून त्यांच्यामागे काम चालू राहिलं. माझं म्हणणं तेच आहे.

मडगावातला पास्टर
आम्ही प्रोटेस्टंट, भाड्याच्या हॉलात सत्तर माणसं. आमच्यात बदली करणारा बिशपच नाही. नऊ वर्षं मीच प्रवचन देतो, मीच खुर्च्या मांडतो, रात्री अकराला कुणाच्या घरी नवरा-बायकोचं वाजलं की मीच स्कूटरला किक मारतो. मागच्या पावसाळ्यात डेंगीने तीन आठवडे आडवा होतो. पहिल्या रविवारी प्रार्थनाच झाली नाही. दुसऱ्या रविवारी एका टेलरने चालवली, आणि खरं सांगतो, मला आतून टोचलं. मी इतकी वर्षं त्याला साधं बायबलवाचनही दिलं नव्हतं. तुमच्याकडे बदलीच्या भीतीने तरी कुणाला तयार करावं लागतं. मला डेंगी व्हावा लागला.

वसईची म्हापशात
पास्टर, हे पटलं. पण साष्टीकरबाब, तुमच्या अकरा वर्षांवरून सगळ्यांना पाच-सहा वर्षांत उचलायचं, हे अजूनही गळी उतरत नाही. वाईट विगाराला हलवा, चांगल्याला राहू द्या.

साष्टीकर
आणि चांगला कोण हे ठरवणार कोण? त्याच्याच कौन्सिलात बसलेली माणसं?

वसईची म्हापशात
बरं. नव्या फादरने काल पहिल्या सभेत तो जुडगा टेबलावर ओतला आणि पोरांना एकेक किल्ली लावून बघत चिकटपट्टीवर नाव लिहायला बसवलं. त्या दोन अजून उरल्यात. आणि ही पोरं जुन्या विगाराने तयार केलेली आहेत, एवढं लक्षात ठेवा.