जोडीदार-निवडीचे निष्कर्ष सहकार्याच्या निष्कर्षांइतके भक्कम आहेत का?

अनुमान:
उत्क्रांतिवादी मानसशास्त्रावर, म्हणजे माणसाचं वागणं उत्क्रांतीतून समजावणाऱ्या शाखेवर, वाद निघाला की कुणी अख्खं क्षेत्र डोक्यावर घेतं, कुणी अख्खं मोडीत काढतं. मला दोन्ही पटत नाही. सहकार्यावरचं काम भक्कम आहे, जोडीदार-निवडीवरचं बरंचसं काम कच्चं आहे. आणि हा फरक सिद्धांतामुळे नाही, मोजमापामुळे पडतो.

फेर आणि गेख्टर यांचा २००२ चा प्रयोग घ्या. चौघांचा गट, प्रत्येकाला २० एकक रक्कम. सामायिक निधीत टाकलेल्या दर एककामागे चौघांनाही ०.४ मिळतात. चौघांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाच्या हाती ३२. कुणीच काही टाकलं नाही तर २०. तिघांनी सगळं टाकलं आणि चौथ्याने हात राखला तर त्याला एकट्याला ४४. फुकट्याचा फायदा उघड आहे. आता दंडाची सोय: स्वतःचं १ एकक खर्चून दुसऱ्याचे ३ कापता येतात. दर फेरीला गट बदलतो, तीच माणसं पुन्हा समोर येत नाहीत, म्हणजे दंड करणाऱ्याला त्यातून पुढे काही मिळायचं नाही. तरी लोक पदरमोड करून दंड करतात, आणि दंडाची सोय असते तेव्हा योगदान चढतं राहतं. इथे मोजलं गेलं ते वर्तन.

याउलट मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांचा १९८९ चा अभ्यास: ३३ देश, ३७ नमुने, १०,०४७ माणसं. जोडीदाराच्या १८ वैशिष्ट्यांना ० ते ३ असा आकडा द्यायचा. आर्थिक भवितव्याला ३७ पैकी ३६ नमुन्यांत स्त्रियांनी जास्त महत्त्व दिलं, रूपाला ३४ नमुन्यांत पुरुषांनी. आकड्यांबद्दल तक्रार नाही. पण ईस्टविक आणि फिंकेल यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना आधी आवड विचारली आणि मग स्पीड डेटिंगला (अनोळखी व्यक्तींशी एकामागून एक काही मिनिटांच्या भेटी) बसवलं, तेव्हा आधी सांगितलेल्या आवडीवरून प्रत्यक्ष कोण आवडलं याचा अंदाज बांधता आला नाही. समोरच्याची कमाई किती असेल याचा परिणामही स्त्री-पुरुषांवर सारखाच दिसला. मग बोललेली आवड हा कशाचा पुरावा?

तराजू:
साफ असहमत. स्पीड डेटिंगचा प्रयोग ज्यावर तुम्ही सगळा भार टाकताय, त्यात एक नेहमीची सांख्यिकीय अडचण आहे: नमुन्यात पुरेसा फरकच नाही. एकाच विद्यापीठातले विद्यार्थी, सगळ्यांचं भवितव्य बऱ्यापैकी सारखं, आणि काही मिनिटांच्या गप्पांत कमाईची कुवत कळणार तरी किती? जी गोष्ट सगळ्यांकडे जवळपास सारखी आहे तिचा निवडीशी सहसंबंध शून्याकडेच झुकणार. त्यावरून ती गोष्ट बिनमहत्त्वाची ठरत नाही.

नॉर्मन ली आणि सहकाऱ्यांची २००२ ची पद्धत बघा. त्यांनी लोकांना ठरावीक आभासी रक्कम दिली आणि जोडीदारातले गुण विकत घ्यायला लावले. रक्कम भरपूर असताना स्त्री-पुरुषांची खरेदी बरीच सारखी: विनोदबुद्धी, सर्जनशीलता वगैरे. रक्कम कमी केल्यावर मात्र फरक उघडा पडला. पुरुषांनी आधी रूप उचललं, स्त्रियांनी आधी सामाजिक स्थान आणि साधनं. म्हणजे काही गोष्टी गरजेच्या असतात, काही चैनीच्या. गरजेची गोष्ट किमान पातळीवर मिळाली की तिचं वजन झपाट्याने उतरतं. ० ते ३ च्या मोजपट्टीवर हे दिसत नाही, कारण तिथे सगळ्याच गोष्टींना ३ द्यायला कुणाची आडकाठी नसते.

यातून थेट भाकीत निघतं: नमुन्यात रूप किंवा सामाजिक स्थान यांत खालच्या पातळीची माणसं मुद्दाम घेतली तर लिंगभेद प्रत्यक्ष निवडीतही दिसला पाहिजे. ली यांच्याच गटाने २०१३ मध्ये ऑनलाइन गप्पा आणि स्पीड डेटिंग या दोन्हींत हे तपासलं, आणि तो दिसला. तुमच्या धाग्यात याचा उल्लेखच नाही.

शिवाय वयाचं काय? बस यांच्या अभ्यासात ३७ च्या ३७ नमुन्यांत पुरुषांना वयाने लहान जोडीदार हवी होती. लग्नाच्या नोंदींत नवऱ्याचं सरासरी वय बायकोपेक्षा जास्त असतंच. नोंद म्हणजे वर्तन नाही तर काय?

मध्यक:
तराजू यांचा गरजेचा मुद्दा मान्य, पण फरक किती मोठा हे कुणीच सांगत नाहीये. दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाचं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) अंतर असलं, तर दोन्ही वितरणं सुमारे ८० टक्के एकमेकांवर बसतात. यदृच्छेने एक स्त्री आणि एक पुरुष उचलला तर अपेक्षित दिशेचा फरक १०० पैकी साधारण ६४ वेळा दिसेल, ३६ वेळा उलटा. बातमीत मात्र 'स्त्रियांना हे हवं असतं, पुरुषांना ते' एवढंच उरतं. कोणताही निष्कर्ष वाचताना आधी हे अंतर शोधा, मग ३७ पैकी किती वगैरे. ३७ पैकी ३६ या आकड्यातून फरकाची दिशा कळते, आकार कळत नाही.

ईगली आणि वुड यांनी १९९९ मध्ये बस यांचाच डेटा पुन्हा तपासला. स्त्री-पुरुष समानता जास्त असलेल्या देशांत कमाईबाबतचा लिंगभेद कमी होता, रूपाबाबत तसं दिसलं नाही. पण २०२० मध्ये ४५ देशांतल्या १४,३९९ लोकांवर झालेल्या अभ्यासात समानतेचं ठाम नातं फक्त जोडीदाराच्या वयाशी सापडलं. लिंगभेद समाजाने दिलेल्या भूमिकांतून येतो असं म्हणणाऱ्यांनी पहिला अभ्यास सांगायचा आणि उत्क्रांतीवाल्यांनी दुसरा, हे थांबायला हवं. देश हा एकक धरला की शेजारी देशांचा इतिहास आणि धर्म सामायिक असल्याने ते स्वतंत्र नमुने राहत नाहीत. कागदावर ४५ दिसणारी संख्या प्रत्यक्षात बरीच कमी वजनाची असते.

साखळी:
जोडीदाराचं राहू द्या, मूळ धाग्यातला 'सहकार्याचं काम भक्कम' हा भागच मला टोचतो.

एक, त्या खेळात लोक उदारपणामुळे पैसे टाकतात की खेळ न कळल्यामुळे? बर्टन-चेल्यू, एल मुडेन आणि वेस्ट यांनी २०१६ मध्ये लोकांना संगणकाबरोबर हाच खेळ खेळायला लावला. समोर माणूस नाही, कुणाचं भलं होणार नाही, आणि हे त्यांना आधीच सांगितलेलं. तरी ते माणसांबरोबर खेळावं तसंच योगदान देत होते. मग माणसांबरोबरच्या खेळातलं किती योगदान सहकार्याच्या खात्यात धरायचं?

दोन, हेरमान, टोनी आणि गेख्टर यांचा २००८ चा अभ्यास. १६ शहरांत तोच खेळ. बोस्टन, कोपनहेगन इथे दंड फुकट्यांना झाला. अथेन्स आणि मस्कत इथे निधीत जास्त टाकणाऱ्यांनाही जबर दंड झाला, आणि दंडाची सोय देऊन योगदान फारसं वाढलं नाही. फुकट्यांना शिक्षा करायची प्रवृत्ती माणसात सरसकट असेल तर हे कसं बसवणार? मोजमाप वर्तनाचं आहे, बरोबर. पण वर्तनापासून 'उत्क्रांत प्रवृत्ती'पर्यंतची उडी तिथेही तेवढीच लांब आहे.

अनुमान:
साखळी, संगणकाचा मुद्दा योगदानाला लागू आहे, दंडाला नाही. योगदान किती करायचं हे हिशोब न कळल्याने चुकू शकतं. पण १ देऊन ३ कापणं यात न कळण्यासारखं काही नाही, आणि दंडाचा रोख गटाच्या सरासरीपेक्षा कमी टाकणाऱ्यांवर होता. न समजल्यामुळे केलेला दंड असा नेमका एका बाजूला जात नाही. अथेन्स-मस्कतबद्दल: तिथेही लोक पदरमोड करून दंड करतच होते. बदललं ते लक्ष्य. तेव्हा दंड करण्याची तयारी आणि कुणाला करायचा याचा स्थानिक नियम, या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात.

तराजू, २०१३ चा अभ्यास महत्त्वाचा आहे, पण तो पहिल्या भेटीतल्या आकर्षणापुरता. वर्षभर टिकलेल्या नात्यात आधी सांगितलेल्या आवडीचं वजन किती, हे त्यातून कळत नाही.

ऋतुमान:
मोजमापाचाच वाद असेल तर मासिक चक्राच्या संशोधनाइतकं बोलकं उदाहरण नाही. दावा असा होता: गर्भधारणा होऊ शकते अशा दिवसांत स्त्रियांना जास्त मर्दानी चेहरे आवडतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची १०-१५ वर्षं हा जवळजवळ पाठ्यपुस्तकातला निष्कर्ष होता.

गडबड कुठे झाली ते पायरीपायरीने बघा. गर्भधारणेची शक्यता असलेले दिवस साधारण ६, बीजमोचनाचा (अंडाशयातून बीज बाहेर पडण्याचा) दिवस धरून. ते ओळखण्यासाठी बऱ्याच अभ्यासांत मागच्या पाळीची तारीख विचारायचे, तीही आठवणीतून, आणि चौदावा दिवस बीजमोचनाचा धरायचे. पण चक्राचा पहिला टप्पा (पाळीपासून बीजमोचनापर्यंतचा) व्यक्तीगणिक आणि महिन्यागणिक खूप बदलतो. पुढची पाळी आल्यावर तिथून मागे मोजलं तर चूक कमी होते, कारण दुसरा टप्पा तुलनेने स्थिर असतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे एलएच संप्रेरकाची लघवीची चाचणी, जी बीजमोचनाच्या दिवसभर-दीड दिवस आधीची उसळी पकडते. यातलं काही न करता, शिवाय 'सुपीक' दिवसांची व्याख्या दर अभ्यासात वेगळी, आणि प्रत्येक स्त्रीची एकदाच चाचणी घेऊन वेगवेगळ्या स्त्रियांची तुलना. अशा डेटातून हवा तो निष्कर्ष काढायला भरपूर वाव राहतो, कुणी लबाडी न करता.

जोन्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५८४ स्त्रियांची पुन्हापुन्हा चाचणी घेतली, लाळेतली संप्रेरकं मोजली. मर्दानी चेहऱ्यांच्या आवडीचा आणि संप्रेरकांच्या चढउताराचा पटण्याजोगा संबंध सापडला नाही. हे काम याच क्षेत्रातल्या लोकांनी केलं, आणि माझ्या मते हीच या क्षेत्राची सर्वात मोठी जमेची बाजू आहे.

तराजू:
ऋतुमान यांच्याशी पूर्ण सहमत. चक्राचा दावा पडला म्हणून वयाचा किंवा साधनांचा दावा पडत नाही, एवढं फक्त नोंदवतो. त्यांच्यामागचा पुरावा वेगळा आहे.

साखळी:
'नोंदी म्हणजे वर्तन' म्हणणाऱ्यांसाठी स्पर्धेबद्दलचं एक उदाहरण. मानवशास्त्रज्ञ शॅग्नन यांनी १९८८ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी आदिवासींबद्दल लिहिलं की ज्या पुरुषांनी माणूस मारला आहे त्यांना इतरांच्या अडीचपट बायका आणि तिपटीने मुलं आहेत. वयोगट पाडले तरी फरक उरला. पण मोजले गेले ते हयात पुरुष. सूडाच्या चक्रात तरुणपणीच मारले गेलेले योद्धे या हिशोबात आलेच नाहीत, आणि हिंसेची खरी किंमत तर तिथेच होती. बेकरमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये इक्वाडोरमधल्या वाओरानी आदिवासींच्या वंशावळी घेतल्या, मेलेल्यांसकट. तिथे जास्त आक्रमक योद्ध्यांना ना बायका जास्त, ना मुलं, आणि प्रजननाच्या वयापर्यंत जगलेली मुलं उलट कमी. दोन्ही समाज वेगळे, त्यामुळे एकाने दुसरा खोडला असं मी म्हणत नाही. पण तराजू, लग्नाच्या नोंदीतही ज्यांचं लग्न कधी झालंच नाही ते पुरुष नसतात. वयाच्या अंतराचा पुरावा देताना त्यांचा हिशोब कसा करणार, ते सांगा.