ज्युलिया लुई-ड्रायफस यांचे यश कोणाचे: अभिनेत्रीचे की लेखकांचे?

चर्चाप्रस्ताव (संहितापक्ष)

अमेरिकन अभिनेत्री ज्युलिया लुई-ड्रायफस यांच्या अभिनयाच्या एमी या दूरचित्रवाणी पुरस्कारांची यादी भारदस्त आहे: ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेसाठी १९९६ साली, ‘द न्यू अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ओल्ड क्रिस्टीन’साठी २००६ साली आणि ‘वीप’साठी २०१२ ते २०१७ अशी सलग सहा वर्षे. तरीही या कारकिर्दीचे श्रेय आपण चुकीच्या खात्यावर जमा करतो, असे माझे मत आहे. १९८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात आल्या आणि तीन वर्षांत त्यांची फारशी छाप पडली नाही. तिथली खरी मिळकत म्हणजे लेखक लॅरी डेव्हिड यांची ओळख, आणि पुढे डेव्हिड यांनी सहकाऱ्यासह रचलेल्या ‘साइनफेल्ड’मध्ये एखादे ठळक स्त्रीपात्र हवे असा एनबीसी वाहिनीने आग्रह धरला तेव्हा तीच ओळख कामी आली.

१९९८ मध्ये ती मालिका संपल्यावर काय झाले ते पाहावे. २००२ साली त्यांचे पती ब्रॅड हॉल यांनी त्यांच्यासाठी ‘वॉचिंग एली’ रचली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत असे आणि कथा त्याच वेळात घडत असे. प्रेक्षक रमले नाहीत. दुसऱ्या हंगामात घड्याळ काढले, प्रेक्षकांचा हशा आणला, तरी मालिका गुंडाळावी लागली. अभिनेत्री तीच होती, बदलले होते ते लेखन.

प्रतिसाद (नटपक्ष)

साफ असहमत. कागदावर ‘साइनफेल्ड’मधली त्यांची एलेन ही तीन पुरुषांच्या टोळक्यातील चौथी होती. बातमी ऐकताच समोरच्याला दोन्ही हातांनी असा धक्का द्यायचा की तो मागे कोलमडावा, हे त्या पात्राचे व्यक्तिमत्त्व देहातून आलेले आहे. संवाद लेखक देतो, धक्क्याचा जोर देत नाही.

‘वीप’च्या तिसऱ्या हंगामातील एक प्रसंग आठवावा. राष्ट्राध्यक्ष राजीनामा देणार आणि पद आपल्याकडे येणार, हे लुई-ड्रायफस यांनी साकारलेली उपराष्ट्राध्यक्ष सेलिना प्रसाधनगृहात आपला सहायक गॅरी याला सांगते. त्याच्या नाकातून रक्त येऊ लागते आणि दोघे हसत सुटतात. वर्षानुवर्षे गिळलेले अपमान, हाव, भीती आणि त्या बिचाऱ्यावरची तिची एरवी न दिसणारी माया, सारे त्या हसण्यात उतरते, आणि तेथे शब्दांना जवळजवळ कामच नाही. (गॅरी साकारणाऱ्या टोनी हेल यांचा वाटाही मोठा आहे, हे मान्य.) शिवाय मालिकेचे जनक आर्मांडो इयानुची चौथ्या हंगामानंतर बाहेर पडले, तरी २०१६ आणि २०१७ चे पुरस्कार लुई-ड्रायफस यांनाच मिळाले. लेखन हेच सर्वस्व असते तर हे कसे घडले?

प्रतिसाद (संहितापक्ष)

इयानुचींच्या जागी आलेले डेव्हिड मँडेल हे ‘साइनफेल्ड’च्याच लेखकवर्गातले, त्यामुळे त्यांच्या हातात या अभिनेत्रीची लय आधीपासून होती, म्हणून हा दाखला माझ्याच बाजूने जातो. आणखी एक पाहा: ‘वीप’च्या अखेरच्या हंगामानंतर, २०१९ साली, हा पुरस्कार ‘फ्लीबॅग’साठी फीबी वॉलर-ब्रिज यांना मिळाला, आणि त्या स्वतःची मालिका स्वतः लिहितात.

प्रतिसाद (तिसरी बाजू)

आपल्याकडे नाटकाबाबत ‘संहितेने तारले की नटाने’ हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, पण तो येथे लावताना दोन्ही पक्ष तालमीला विसरत आहेत. इयानुचींच्या पद्धतीत कलाकार तालमींमध्ये उत्स्फूर्तपणे बोलत आणि त्यातले नेमके वेचून लेखक प्रवेश पुन्हा लिहीत. लुई-ड्रायफस तर मालिकेच्या निर्मात्यांपैकीही होत्या. अशा ठिकाणी लेखक कुठे संपतो आणि अभिनेत्री कुठे सुरू होते, हे श्रेयनामावलीवरून ठरवता येत नाही.

मात्र ‘ओल्ड क्रिस्टीन’चा उल्लेख पुरस्कारापुरता करून प्रस्तावकांनी सोयीस्कर उडी मारली आहे. घटस्फोटित आई, तिच्या माजी पतीची नवी मैत्रीण आणि तिचेही नाव क्रिस्टीनच, ही कल्पना एका भागापुरती गमतीची. लेखन माझ्या मते बेताचेच होते. तरीही सीबीएस वाहिनीवर ती २००६ ते २०१० अशी पाच हंगाम टिकली, आणि ती पाहताना नजर मत्सर लपवू न शकणाऱ्या त्या एकाच चेहऱ्यावर राहते.

प्रतिसाद (संहितापक्ष)

पाच हंगाम टिकणे हा गुणवत्तेचा पुरावा मानला, तर अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या कितीतरी सुमार मालिका अभिजात ठरतील. ‘वॉचिंग एली’बद्दल मात्र अजून कोणी बोललेले नाही.

प्रतिसाद (नटपक्ष)

मग बोलतो. त्या मालिकेत अभिनेते स्टीव्ह कारेलही होते. ती पडल्यानंतर दोनच वर्षांत ‘द ऑफिस’ या मालिकेने त्यांना घराघरांत नेले, आणि ‘वॉचिंग एली’चे अपयश त्यांच्या अभिनयाच्या नावे लिहिल्याचे मी कुठेही वाचलेले नाही. हा हिशेब केवळ लुई-ड्रायफस यांच्याकडूनच का मागितला जातो, याचे उत्तर प्रस्तावकांनी द्यावे.