ऐन मे महिन्यात चॉकलेट चाखायची आहेत: कोकम, हापूस, फणस यांचा क्रम कसा लावावा?

पेठकर: शनिवारी आठ जणांसाठी घरीच (सदाशिव पेठ) हातची चॉकलेटं चाखायचा बेत आहे. सहा प्रकार आहेत: साधं ७० टक्के कोकोचं डार्क, कोकम डार्क, गवती चहाचं गनाश (क्रीम-चॉकलेटचं मऊ सारण) भरलेलं, व्हाइट चॉकलेटमधलं हापूस, फणसपोळीचे तुकडे घातलेलं आणि लवंगी मिरचीचं. शंका तीन. क्रम काय? फ्रिजमधून कधी काढायची? कोकमच्या वडीवर पांढुरकं दिसतंय, ती बुरशी आहे का?

कोकोची_बी: साधं डार्क आधी, म्हणजे मूळ चव जिभेवर बसते. मग गवती चहा, हापूस, कोकम, फणस, मिरची. हापूस कोकमच्या आधीच हवा. आंबटानंतर तो नुसता गोडमिट्ट लागतो. फणसाचा वास तोंडात रेंगाळतो आणि मिरचीनंतर तर काहीच कळत नाही, म्हणून ती दोन्ही शेवटी.

कोको बटर (चॉकलेटमधला स्निग्धांश) ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि पुण्यात सध्या दुपारचा पारा ४०च्या घरात. एसी लावून खोली २२ ते २४ अंशांवर आणा. एसी नसेल तर सकाळी ८चीच वेळ ठेवा. डबा ४५ मिनिटं आधी बाहेर काढा, पण झाकण उघडू नका. थंड वडीवर हवेतलं बाष्प धरतं, त्यात वरची साखर विरघळते आणि वाळली की पांढरी खरखरीत होते.

तुमचं पांढरं बहुधा तेच असेल किंवा वर आलेलं कोको बटर. बोट फिरवून बघा. हाताच्या उबेनं गुळगुळीत होऊन गेलं तर बटर, खरखरीत तसंच राहिलं तर साखर. दोन्ही खायला चालतात. तंतू किंवा कुबट वास असेल तर मात्र फेका. ती भीती कोरड्या वडीपेक्षा गनाशवाल्यात जास्त.

आमसूल: कोकम डार्क खारट लागलं तर नवल नको. आमसूल करताना सालीला मीठ असतंच, आगळातही असतं. चॉकलेटला बिनमिठाची वाळवलेली साल लागते, कडकडीत कोरडी करून दळलेली, १०० ग्रॅमला ३-४ ग्रॅम. पूड जरा जरी सर्दावलेली असली तरी वितळलेलं चॉकलेट दाणेदार होऊन गोळा होतं. अमृत कोकम ओतायचा मोह होतो लोकांना, त्याचाही हाच शेवट.

पेठकर: बुरशी नाही, बोटाने गेलं. सुटलो! गवती चहाचं घरी जमेल का?

आमसूल: जमेल. १०० ग्रॅम क्रीममध्ये १० ग्रॅम चिरलेली पात घालून एक उकळी आणा, झाकून १५ मिनिटं ठेवा. त्याहून जास्त ठेवलं की गवताचा कडवटपणा उतरतो. गाळून पुन्हा वजन करा, कारण पात बरंच क्रीम पिऊन घेते. जितकं कमी भरेल तितकं साधं क्रीम घालून १०० करा, गरम करून २०० ग्रॅम चिरलेल्या ५५ टक्के डार्कवर ओता. दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत जा. तेल सुटलं तर चमचाभर कोमट दूध घालून घोटा, परत जुळून येतं. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा.

हापूस डार्कमध्ये घालू नका, पैसे वाया. कोको त्याला गिळून टाकतो. व्हाइटच बरं, तेही रस आटवून निम्मा केल्यावर.

चहाबाज: सोबत कटिंग चहा ठेवला तर?

कोकोची_बी: नको! मसाल्यापुढे गवती चहा लपतो. बर्फाचं पाणीही नको, जिभेवर कोको बटर थिजतं आणि चव उमटत नाही. कोमट पाणी आणि बिनमिठाच्या फुलक्याचा तुकडा पुरे. मस्तानी सगळं झाल्यावर.

माणशी प्रत्येकी ५-६ ग्रॅमचा तुकडा. आधी मोडून आवाज ऐका. नीट टेम्पर केलेलं (ठरावीक तापमानांना वितळवून-निववून जमवलेलं) असेल तर कट्ट वाजतं, नाहीतर नुसतं वाकतं. मग वास. मग दोनदा चावून टाळूला लावून ठेवा, विरघळू द्या. आंबटपणा आधी येतो, कडवटपणा मागून. फणसपोळीचं मात्र चावतच राहावं लागतं, तिथे हा नियम सोडा.

मिरची झोंबली तर पाण्याने काही होत नाही, थोडं दूध हाताशी ठेवा.