आईला साखर आहे, मला सहावा महिना. किती चालू?

डोंबिवलीची_सून
पहिलटकरीण आहे, २२वा आठवडा. आईला चाळिशीपासून साखर आहे. पहिल्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते गुळमट पाणी प्यायले, दोन तासांनी ११८ आली. १४०च्या आत, म्हणजे ठीक. आता २४ ते २८ आठवड्यांत परत प्यायचंय. घरून काम, त्यामुळे दिवसभरात टेबल ते बाथरूम एवढीच चाल. सासूबाई म्हणतात, "जिना चढू नकोस, पडून राहा," आणि वर रोज तुपातला शिरा. डॉक्टर "चालत जा" एवढंच म्हणाले. पण किती, कधी? आणि आता सुरू करून साखर टळेल का?

दोघांची_आई
टळेलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, शक्यता कमी होते. मला दुसऱ्या खेपेला २६व्या आठवड्यात १५८ आली. मग जेवण झालं की ओटा न आवरता थेट पार्किंगमध्ये १५ मिनिटं फेऱ्या. त्याच दोन पोळ्या, तीच भाजी. फेऱ्या मारल्या की दोन तासांनी ११०च्या आसपास, लोळले की १३५. मशीनवर बघितल्यावरच माझा विश्वास बसला. तरी उपाशीपोटीची साखर हटेना, शेवटी रात्रीचं इन्सुलिन लागलंच. तसं झालं तर स्वतःला बोल लावू नकोस. आणि शिरा आठवड्यातून एकदा, तोही वाटीभर नाही!

फिजिओताई
वारेतल्या (म्हणजे प्लॅसेंटातल्या) हार्मोन्समुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. चालताना मात्र स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर उचलतात, म्हणून जेवणानंतरच्या फेऱ्या लागू पडतात. आठवड्याला १५० मिनिटं धर, पण पहिल्याच दिवशी अर्धा तास नको, दहा मिनिटांपासून वाढव. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं तर वेग कमी कर. उताणं झोपून करायचे व्यायाम आता नकोत. वार खाली आहे का, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय का, हे आधी डॉक्टरांना विचार. रक्त दिसलं, पाणी गेलं, चक्कर आली किंवा पोट आवळून यायला लागलं तर लगेच थांबून फोन कर.

डोंबिवलीची_सून
सोनोग्राफीचा कागद काढला, वार वर आहे. डॉक्टरांनाही फोन केला, हरकत नाही म्हणाले. काल रात्री जेवून गच्चीत दहा मिनिटं फिरले. सासूबाई "लक्ष ठेवायला" म्हणून आल्या आणि सहाव्या फेरीला स्वतःच पाण्याच्या टाकीपाशी टेकल्या. शिऱ्याचा विषय अजून त्यांच्याकडे काढलेला नाही.