मदत हवी आहे : शीआनमध्ये एक दिवस पायी, आईबरोबर

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी आई चीनमधील शीआन येथे तीन दिवस असू. पहिला दिवस भाजलेल्या मातीच्या सैनिकांचे प्रसिद्ध पुतळे पाहण्यासाठी राखून ठेवला आहे आणि तिसरा परतीच्या प्रवासात जाईल, त्यामुळे त्या दोन दिवसांविषयी माझा काही प्रश्न नाही. मधला दिवस मात्र आम्हाला शहरात पायी हिंडून घालवायचा आहे आणि त्याचा क्रम मला काही केल्या जुळवता येत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. आई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली. ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता, त्याने दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे वर्णन केले आणि इथली माणसे उपकारही विसरत नाहीत व अपमानही विसरत नाहीत असे लिहून ठेवले, हा धडा तिने किती तुकड्यांना शिकवला असेल याला गणती नाही. तो इ. स. ६४५ मध्ये भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन ज्या छांगआन नगरीत परतला, तीच आजचे शीआन. त्या ग्रंथांच्या रक्षणासाठी ६५२ मध्ये उभारलेला मोठा रानहंस पॅगोडा पाहायचा, एवढ्यासाठीच ती या सहलीला तयार झाली आहे. बाकी सगळे तिच्या लेखी वरकड आहे.

आमचे हॉटेल दक्षिण वेशीच्या आत आहे. माझा बेत असा होता की सकाळी दक्षिण वेशीतून तटावर चढावे, थोडे पूर्वेकडे चालून वनछांग वेशीपाशी खाली उतरावे, शेजारचे शिलालेखांचे संग्रहालय पाहावे, दुपारी घंटामनोरा, नगारामनोरा आणि मोठी मशीद करावी व दिवस मावळताना पॅगोड्यापाशी पोहोचावे. काल नकाशात अंतर मोजले तेव्हा लक्षात आले की पॅगोडा तटाच्या आत नाहीच. दक्षिण वेशीपासून तो सुमारे चार किलोमीटर आग्नेयेला आहे. शहरातली इतकी जुनी वास्तू तटबंदीच्या आतच असणार, असे मी गृहीत धरून चाललो होतो.

आई सपाटीवर पाच-सहा किलोमीटर सहज चालते, परंतु तिच्या उजव्या गुडघ्यामुळे जिना उतरणे तिला जड जाते. अशा स्थितीत यातले काय गाळावे, क्रम कसा लावावा आणि पॅगोड्याच्या आत चढण्याचा हट्ट तिने धरला तर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि अंडीही खात नाही, त्यामुळे जेवणाविषयीही सुचवल्यास बरे होईल.

प्रतिसाद १

मी कामानिमित्त या शहरात दोन वर्षे राहिलो आहे. तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण तुम्ही जो तट पाहणार आहात तो ह्युएन त्संगच्या काळचा नाही. मिंग राजवटीच्या पहिल्या सम्राटाने तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवला आणि त्याचा घेर सुमारे १३.७ किलोमीटर आहे. ह्युएन त्संगच्या काळच्या, म्हणजे थांग राजवटीच्या छांगआनचा घेर छत्तीस किलोमीटरच्या आसपास होता आणि तेव्हा पॅगोडा तटाच्या आतल्या एका पेठेतच होता. राजधानी गेली, शहर आकसले आणि पॅगोडा वेशीबाहेर राहिला. आईंना हे आधीच सांगून ठेवा. इतिहासाच्या शिक्षिकेला ते चार किलोमीटर नुसते अंतर वाटणार नाही.

माझा सल्ला असा की तुमचा बेत उलटा करावा. ज्यासाठी आलात ते पाय ताजे असताना, सकाळीच पाहून घ्यावे. दक्षिण वेशीजवळच्या युंगनिंगमन स्थानकावरून मेट्रोच्या दुसऱ्या मार्गाने श्याओचाय येथे यावे आणि तेथे तिसऱ्या मार्गाची गाडी धरावी. पुढचेच स्थानक दायेनथा, म्हणजे पॅगोड्याचेच. आत चढण्याचे तिकीट वेगळे असते आणि सात मजल्यांचा जिना अरुंद आहे. आईंच्या गुडघ्याचा विचार करता मी चढू नका असेच म्हणेन, आणि त्यात फारसे काही गमावत नाही. खरे पाहण्याजोगे तळमजल्यावर, दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंस आहे : ६५३ मधील दोन शिलालेख. ह्युएन त्संगच्या अनुवादांसाठी सम्राट थायत्सुंगने लिहिलेली प्रस्तावना आणि त्याच्या मुलाने, पुढे सम्राट झालेल्या काओत्सुंगने, लिहिलेला मजकूर त्यांवर कोरलेला आहे. अक्षर छू स्वेईल्यांग या मंत्र्याचे आहे. त्यांपैकी एक लेख उजवीकडून आणि दुसरा डावीकडून सुरू होतो, म्हणजे दारातून पाहताना दोन्ही एकमेकांना शोभून दिसतात. तिथे घाई करू नका.

परतताना नानशाओमन स्थानकावर उतरून लहान रानहंस पॅगोड्याला जावे. समुद्रमार्गे भारतात जाऊन आलेल्या यीचिंग भिक्षूशी त्याचे नाव जोडलेले आहे. मुळात पंधरा मजले होते, १५५६ च्या भूकंपानंतर तेरा राहिले. बाग शांत आहे, गर्दी कमी असते, बसायला सावली आहे. तिथून दक्षिण वेस सुमारे दीड किलोमीटर, रस्ता सपाट.

तट संध्याकाळी करा. वनछांग वेशीपाशी उतरता येते, ते तुम्ही बरोबर ठरवले आहे, मात्र पायऱ्या बऱ्याच आहेत. आईंना वेळ द्या. शिलालेखांचे संग्रहालय उत्तम आहे, ७८१ मधील ख्रिस्ती धर्माविषयीचा चिनी व सिरियाक भाषांतील लेख तिथेच आहे, पण त्याला निवांत अर्धा दिवस लागतो. या खेपेस गाळायचे असेल तर मी तेच गाळेन.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त जेवणाविषयी भर घालते. घंटामनोरा चौकाच्या मधोमध आहे, रस्ता भुयारी मार्गानेच ओलांडावा लागतो. नगारामनोऱ्यामागच्या मुस्लिम वस्तीत डुकराचे मांस नसते, परंतु शेळ्यामेंढ्यांच्या मांसाचा वास सर्वत्र असतो. आईंना त्रास होणार असेल तर तिथे जेवायला बसू नका, नुसते फिरा. मशिदीची अंगणे अवश्य पाहावीत. छपरे पूर्ण चिनी धाटणीची आहेत आणि अजानाचा मनोरा छोट्या पॅगोड्यासारखा दिसतो. नमाजाच्या दालनात मात्र इतर धर्मीयांना प्रवेश नाही.

शाकाहारींसाठी ल्यांगफी हा थंडगार नूडल्सचा पदार्थ व्हिनेगर, तिखट तेल आणि काकडी घालून देतात. योफो नावाच्या रुंद नूडल्सवर तिखट घालून कडकडीत तेल ओततात, अगदी आपल्या फोडणीसारखे. दोन्हींत मांस नको, अंडे नको हे चिनी लिपीत लिहून फोनवर दाखवा; उच्चारावर विसंबू नका. ऑक्टोबरात तिथली लालभडक तेंदूफळे बाजारात येतात, ती आईंना नक्की द्या. पासपोर्ट दिवसभर जवळ ठेवा, तिकिटांसाठी लागतो. अलीपे या फोनवरून पैसे देण्याच्या चिनी ॲपला तुमचे कार्ड निघण्यापूर्वी भारतातच जोडून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रतिसाद आईला वाचून दाखवले. सकाळी मोठा पॅगोडा, मग लहान पॅगोडा, दुपारी विश्रांती, चारनंतर घंटामनोरा आणि मशीद, शेवटी तट, असे ठरले आहे. संग्रहालय गाळायला ती तयार नाही. त्याऐवजी नगारामनोरा गाळू म्हणते. पॅगोड्यावर चढणार का असे विचारले तर "पहिल्या मजल्यावरून ठरवू" एवढेच उत्तर मिळाले. तो जिना उतरताना धरायला कठडा आहे का, एवढे मात्र कृपया सांगावे.