१९६९ : स्वतःच्याच पक्षाने पाडलेला उमेदवार

पक्षाच्याच लोकांनी आपल्या उमेदवाराविरुद्ध जाण्याचं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या गोल्डवॉटरचं नाव घेतलं जातं. १९६४ मध्ये तो रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता आणि पक्षातलेच बडे लोक त्याच्याविरुद्ध होते. पण आपल्याकडची १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्याहून कितीतरी भारी आहे. तिथे उमेदवाराला पाडण्यात खुद्द पंतप्रधानांचा हात होता!

बंगळूरच्या बैठकीत काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डींचं नाव बहुमताने ठरवलं. इंदिराबाईंना जगजीवन राम हवे होते. यशवंतराव चव्हाणांनी मात्र रेड्डींच्या बाजूने मत दिलं. रेड्डींच्या अर्जावर इंदिराबाईंनीच सही केली. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. पुढे काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले, ते निमित्त झालं आणि इंदिराबाईंच्या गोटातून 'सदसद्विवेकबुद्धीने मत द्या', म्हणजे पक्षाच्या उमेदवारालाच द्यायला हवं असं नाही, अशी हाक निघाली. त्यांचा कल ज्यांच्याकडे होता ते व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होतेच.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे तिसरे उमेदवार, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा असलेले, आपले चिंतामणराव देशमुख होते. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ४,१८,१६९ चा, म्हणजे कोणीच पार नाही. मग बाद उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मतं वाटली. त्यातली बहुतेक रेड्डींकडेच गेली, तरी शेवट ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. काठावरच सुटले गिरी.

मला हे मनापासून खटकतं. विरोध करायचा तर अर्जावर सही करण्याआधी, उघड करायला हवा होता. नोव्हेंबरात पक्ष फुटलाच. रेड्डी मात्र १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.