ऐपत असून मुलाला पालिकेच्या शाळेत का घातले?

लालबागची लेक

पहिलीच्या प्रवेशांविषयी मागे झालेल्या चर्चेत 'दोन मुलींचा बाबा' यांनी लिहिले होते, "ज्यांना फी परवडते त्यांनी मुलाला पालिकेच्या शाळेत घालणे म्हणजे आपल्या तत्त्वांची किंमत मुलाकडून वसूल करणे होय." हे वाक्य मला चार दिवस सलते आहे आणि दोन ओळींच्या उत्तराने समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दोघेही नोकरी करतो. खासगी शाळेची फी आम्हाला जड गेली असती, पण झेपली असती. तशा तीन शाळा आम्ही पाहिल्याही. त्यांतल्या एका शाळेने साडेपाच वर्षांच्या मुलाला 'सहज गप्पा मारायला' म्हणून आत नेले आणि आम्हाला बाहेर बसवून शिक्षण, हुद्दा आणि राहते घर स्वतःचे की भाड्याचे, असे विचारणारा अर्ज भरायला दिला. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावायला मनाई केली आहे, असे मी सांगितले तेव्हा 'ही चाळणी नाही, ओळख आहे' असे उत्तर मिळाले.

आमच्या घरापासून सहा मिनिटांवर पालिकेची शाळा आहे. मुलगा चालत जातो, चालत येतो. वर्गातली चार मुले आमच्याच गल्लीत राहतात. त्याला मधल्या सुट्टीत ताप भरला तर आजी दहा मिनिटांत तिथे पोहोचते. माझे म्हणणे एवढेच आहे की, सहा वर्षांच्या मुलासाठी शाळा निवडताना पहिला प्रश्न अंतराचा असावा. शिक्षण मंडळ, माध्यम आणि इमारत हे प्रश्न त्यानंतरचे. यात तत्त्व मिरवण्यासारखे काही नाही. पालिका आठ भाषांतून शिकवते आणि २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने सीबीएसईच्या शाळाही चालवते. तेव्हा पालिकेची शाळा म्हटल्यावर आपण तीस वर्षांपूर्वीचे चित्र डोळ्यांपुढे आणत असाल, तर ते एकदा तपासून पाहावे.

दोन मुलींचा बाबा

ताई, ते वाक्य माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. पालिकेला सीबीएसईच्या शाळा का काढाव्या लागल्या, याचा विचार आपण केला आहे का? मराठी माध्यमाच्या वर्गांतली पटसंख्या घसरत गेली आणि पालक पाय काढून घेऊ लागले, म्हणूनच ना? म्हणजे माझे म्हणणे पालिकेनेच मान्य केले आहे.

मी स्वतः सातवीपर्यंत पालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. त्या शाळेने आणि तिथल्या गुरुजींनी मला खूप दिले, त्यांच्याविषयी मी वावगा शब्द काढणार नाही. पण अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर सगळे इंग्रजीतून सुरू झाले आणि पहिले सहा महिने मला वर्गात काय चालले आहे तेच कळत नव्हते. मागच्या बाकावर बसून मी शब्द वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यायचो आणि रात्री शब्दकोश घेऊन बसायचो. दहावीला ज्याला गणितात पैकीच्या पैकी मिळाले होते, तो मुलगा पहिल्या चाचणीत नापास झाला. ती किंमत मी मोजली आहे आणि माझ्या मुलींनी ती मोजावी असे मला वाटत नाही. त्यासाठी मी गोरेगावहून त्यांना पवईच्या बाजूला पाठवतो. सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी बस येते. अंतर आहे, हे मान्य; पण अंतर हा निकष होऊ शकत नाही.

निवृत्त बाई

मी अडतीस वर्षे अनुदानित मराठी शाळेत शिकवले. या चर्चेत खासगी, पालिकेची आणि घरची अशा तीनच वाटा सांगितल्या जातात याचा मला मनस्वी राग येतो, कारण गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड या भागांतल्या मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या ज्या शाळांनी घडवल्या, त्या यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. संस्था खासगी, शिक्षकांचा पगार सरकारी आणि फी नाममात्र, अशी ही चौथी वाट आहे. तिच्याकडे तुम्ही सर्वांनी पाठ फिरवली आणि आता उरलेल्या वाटांवरून भांडता आहात.

पालकांना दिसत नाही अशी आणखी एक गोष्ट सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले आहे, पण त्याच वाक्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद केला आहे. मतदारयाद्यांची पाने हातात घेऊन मी जिने चढले आहे आणि त्या वेळी माझा पहिलीचा वर्ग शेजारच्या वर्गात बसवलेला असे. एका बाईंसमोर ऐंशी मुले! पहिलीतल्या मुलाचा जोडाक्षरांचा एक आठवडा बुडाला तर तो भरून काढायला महिना लागतो. हे काम विनाअनुदानित खासगी शाळांच्या वाट्याला त्या प्रमाणात येत नाही आणि मग निकाल मात्र शेजारी शेजारी ठेवून तोलले जातात.

राहिला दर्जाचा प्रश्न. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून सांगते आहे की, पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नाही. त्यात खासगी शाळांतली मुलेही आहेत.

दोन मुलींचा बाबा

बाई, आदर ठेवून सांगतो, 'असर' ही ग्रामीण भागातली पाहणी आहे. मुंबईच्या शाळांविषयीच्या वादात तिचा दाखला चालणार नाही. निवडणुकीच्या कामाचे आपले म्हणणे मात्र मला खोडता येत नाही, कारण ते माझ्याच बाजूचे आहे: ज्या शाळेतून बाईंना उचलून नेता येते, तिथे मी माझ्या मुली का ठेवाव्यात?

घरीच शिकवणारी आई

आम्ही मुलाला पहिलीपासून शाळेत घातलेले नाही. आता तो आठ वर्षांचा आहे. गृहशिक्षणाला कायद्याची बंदी नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब आणि क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार मूल पुढे कधीही वयानुरूप वर्गात प्रवेश घेऊ शकते. म्हणजे दार बंद होत नाही. मुंबईतली एक मुलगी सातवीनंतर शाळा सोडून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पोहोचली, हे उदाहरण आमच्या बाजूने नेहमी दिले जाते. मी ते देणार नाही. तिच्यामागे सहा-सात वर्षांची शाळा होती आणि संगणक ऑलिंपियाडची तीन आंतरराष्ट्रीय पदके होती. सहा वर्षांच्या मुलाविषयी ते उदाहरण काहीच सांगत नाही.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. बस ६ वाजून १० मिनिटांनी येते म्हणजे मुली पाच-सव्वापाचला उठत असणार. धाकटी किती वर्षांची आहे?

दोन मुलींचा बाबा

सहा. बसमध्ये झोपते.

घरीच शिकवणारी आई

दादा, तुम्ही एका ओळीत लिहिले, पण मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढले की, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण हेच होते की, मुलांची झोप पुरी होत नाही. आपण लाख-सव्वा लाख रुपये भरतो आणि मूल पहिल्या दोन तासिकांना डोळे चोळत बसते, तर आपण नेमके काय विकत घेतले?

मुलुंडची नोकरदार

त्या परिपत्रकाचे गोडवे माझ्यापुढे गाऊ नका. मला ८ वाजून ४ मिनिटांची लोकल पकडावी लागते. मुलीची शाळा सातला भरायची तेव्हा मी तिला स्वतः सोडून पुढे जात असे. तिचा हात माझ्या हातात असे आणि वाटेत आम्ही पाढे म्हणत असू. शाळेने पहिलीची वेळ नऊची केल्यापासून तिला शेजारच्या काकूंकडे दोन तास बसवावे लागते आणि काकूंना बरे नसले की माझी रजा जाते. मुलगी आधी पावणेसहाला उठत होती, आताही पावणेसहालाच उठते, कारण घर बंद करून मलाच निघायचे असते. झोप कोणाची वाढली? ज्यांच्या घरी दिवसभर एक पालक असतो, त्यांनी इतरांच्या मुलांच्या झोपेची काळजी वाहू नये.

घरीच शिकवणारी आई

हे शब्द जिव्हारी लागले. घरात एक पालक दिवसभर असतो, कारण मी बँकेतली चौदा वर्षांची नोकरी सोडली. आम्ही दोन खोल्यांच्याच घरात राहिलो आणि गाडीही घेतली नाही. सुखवस्तूंचा छंद म्हणून आमच्याकडे पाहू नका.

मुलुंडची नोकरदार

सोडण्याजोगी नोकरी असणे आणि ती सोडल्यावरही घर चालणे, यालाच मी सुखवस्तू म्हणते. माझ्या घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. आपण त्याग केला असेल, त्याविषयी मला शंका नाही. पण तो करण्याची मुभा आपल्याला होती.

निवृत्त बाई

दोघीही जरा थांबा. हा दोन आयांमधला वाद नाही. मुंबईत शाळा दोन अधिवेशनांत भरतात, कारण जागा नाही. सकाळी सातला एक शाळा आणि दुपारी साडेबाराला त्याच बाकांवर दुसरी. नऊला प्राथमिक भरवायची तर दुपारच्या मुलांना संध्याकाळी सात वाजता सोडावे लागेल. बसही तीच, आधी मोठ्यांची फेरी आणि मग लहानांची. म्हणूनच अडचण असलेल्या शाळांना शिक्षणाधिकाऱ्यांकडे सवलत मागण्याची सोय त्या परिपत्रकात ठेवावी लागली.

डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मूल वेळेवर येत नाही अशी तक्रार न करता, गुरे जिथे चरतात तिथे त्या शाळा घेऊन गेल्या. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवले जाई तेव्हा मला वाटे की हे डहाणूच्या रानातले आहे, आपल्या कामाचे नाही. आता वाटते की मुंबईच्या मुलालाच त्याची जास्त गरज आहे. लालबागच्या ताईंचे अंतराविषयीचे म्हणणे मला म्हणूनच पटते. शाळा सहा मिनिटांवर असेल तर सात काय आणि नऊ काय. आजी सोडू शकते, शेजारचा चौथीतला मुलगासुद्धा हात धरून नेऊ शकतो.

दोन मुलींचा बाबा

वेळेचा मुद्दा मी मान्य करतो. धाकटीचे पहिल्या सत्राचे प्रगतिपुस्तक काल पुन्हा काढून पाहिले. 'वर्गात लक्ष नसते' असा शेरा आहे आणि त्यावर मी तिला बोललो होतो. त्याचे मला वाईट वाटते. पण इंग्रजीचा माझा मुद्दा कोणीही खोडलेला नाही. लालबागच्या ताई, आपला मुलगा अकरावीत जाईल तेव्हा आपण काय करणार आहात?

लालबागची लेक

तो मराठी माध्यमात आहे. गणित आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी इंग्रजीचे वर्ग त्याच शाळेत आहेत आणि त्याला त्यात घालावे की नाही, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. तुमच्या मागच्या बाकाची गोष्ट वाचून मी गप्प झाले, हे कबूल करते. तरी मला वाटते की, ती उणीव पाचवी ते दहावीत इंग्रजी नीट शिकवल्याने भरून निघाली असती, सहाव्या वर्षी पहाटे उठवल्याने नव्हे. आपले ते वाक्य मात्र आपण अजूनही मागे घेतलेले नाही.

दोन मुलींचा बाबा

'वसूल करणे' हा शब्द कठोर होता, तो मागे घेतो. मत मागे घेत नाही.

जोगेश्वरीचा रिक्षाचालक

मी दोन दिवस हे सगळे वाचतो आहे. आपण सर्व निवडीविषयी बोलता, म्हणून आमची निवड कशी होते ते सांगतो. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या आहेत. माझी मुलगी त्या कोट्यातून खासगी इंग्रजी शाळेत गेली. सोडतीत नाव लागले म्हणून ती शाळा आमची झाली. मुलाच्या वेळी, २०२४ मध्ये, सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या कोट्यातून सूट. उच्च न्यायालयाने तो नियम जुलैत रद्द केला, पण तोपर्यंत शाळा सुरू होऊन महिना उलटला होता आणि मुलगा घरी बसून होता. शाळा जवळची असावी हे ताईंचे म्हणणे चांगले आहे. पण जवळची सरकारी शाळा आहे एवढ्याच कारणावरून आमच्या मुलांना खासगी शाळेचे दार लावून घेतले जात होते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरे असे की, लहान मुलाची शाळा निवडताना आठवीपुढचे कोणी पाहत नाही. मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंतच आहे. माझी मुलगी आज आठवीत आहे. ती वर्गात पहिल्या पाचांत असते, तिच्या मैत्रिणी तिथे आहेत, आणि पुढच्या जूनपासून त्याच शाळेची पूर्ण फी मला भरावी लागेल. माझी रिक्षा भाड्याची आहे. ती आठ वर्षे इंग्रजीतून शिकली आहे, तिला आता मराठी माध्यमात घालू का?

लालबागची लेक

दादा, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. जवळच्या शाळेविषयी मी लिहिले तेव्हा तो नियम माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. माझे म्हणणे पालकांनी निवडण्याविषयी होते, सरकारने निवड काढून घेण्याविषयी नव्हे, पण ते मी स्पष्ट लिहायला हवे होते.

निवृत्त बाई

मुलीचे माध्यम नववीत बदलू नका. अंधेरी ते गोरेगाव या पट्ट्यात इंग्रजी माध्यमाच्या काही जुन्या अनुदानित शाळा आहेत. त्यांची फी तुम्हाला झेपेल आणि नववीच्या तुकडीत दरवर्षी दोन-चार जागा रिकाम्या होतात. त्या जूनपर्यंत थांबत नाहीत, मार्चअखेरीसच विचारणा करावी लागते. शाळा सोडल्याचा दाखला आत्ता काढू नका, पाचवीपासूनची प्रगतिपुस्तके जवळ ठेवा. शनिवारी दुपारी मी मोकळी आहे. मुलीला सोबत घेऊन या, आपण तिघे जाऊन मुख्याध्यापकांना भेटू.

दोन मुलींचा बाबा

बाई, त्या पट्ट्यातल्या शाळांची नावे मलाही व्यक्तिगत निरोपात कळवाल का? धाकटीसाठी विचारतो आहे.